पहाटे चार एकवीस

१९८३ च्या गणपतीत आमच्या घरातला पितळी डबा फळीवरून खाली आला. आई चुलीपुढे बसली होती. आधी जमिनीखाली सुरुंग उडाल्यासारखा दबका आवाज आला, मग कौलं खडखडली, मग डबा पडला. सगळं मिळून तीन-चार सेकंद. आजोबा एवढंच म्हणाले, "भातसाचा आहे." त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मे महिन्यापासून शहापूर तालुक्यात, खर्डीच्या बाजूला, अशी धडधड चालू होती आणि लोकांनी तिचं नातं भातसा धरणाच्या पाण्याशी जोडून टाकलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून, आकडे मांडून तेच सांगितलं. त्या मालिकेतला सर्वांत मोठा धक्का १५ सप्टेंबर १९८३ चा. त्याची तीव्रता ४.९ च्या आसपास.

त्या दिवसांत घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात एकच नाव घ्यायची, ते म्हणजे कोयना. सोळा वर्षांपूर्वीच्या भूकंपाची ती पहाट त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. धरण तिथेही होतं, पाणी तिथेही नुकतंच साठलं होतं, सुरुवातीचे धक्के तिथेही असेच बारीक होते. म्हणून शहापूर-मुरबाडच्या माणसाने कोयनेची ती रात्र तासातासाने वाचली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. भूकंपाचं शास्त्र नेमकं काय सांगू शकतं आणि कुठे गप्प बसतं, हे त्या एका रात्रीत लख्ख दिसतं.

पाच वर्षं आधी

१९६२ च्या सुमारास पाटण तालुक्यात कोयनेचं पाणी अडलं. धरणाची उंची १०३ मीटर. मागे शिवसागर तलाव पसरू लागला आणि थोड्याच दिवसांत आसपासच्या गावांना बारीक हादरे जाणवू लागले. यापूर्वी या भागात भूकंपाची फारशी आठवण कुणाला नव्हती. दख्खनचं पठार म्हणजे म्हातारा, निवांत खडक, असंच भूगोलाची पुस्तकं शिकवत होती. आपल्या माहुलीच्या कड्यावर किंवा नाणेघाटात जे काळे थर एकावर एक दिसतात, तोच हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला आणि थिजला, त्याचा.

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने या हादऱ्यांची दखल घेतली. कोयनानगर, गोवळकोट, सातारा आणि महाबळेश्वर इथे भूकंपमापक यंत्रं बसवली. हे काम वेळेवर झालं, याबद्दल त्या माणसांचे उपकार मानले पाहिजेत. यंत्रं नसती तर पुढचं सगळं ऐकीव राहिलं असतं.

तीन महिने आधी

१३ सप्टेंबर १९६७. पावसाळा सरत आलेला, तलाव भरलेला. त्या दिवशी पाचच्या वरचा धक्का बसला. तोवरच्या पाच वर्षांत एवढा मोठा झाला नव्हता. काही घरांना तडे गेले. लोक घाबरले, मग हळूहळू सावरले. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. तलावाची पातळी त्या वर्षी बराच काळ वरच राहिली.

१० डिसेंबर, संध्याकाळी ६

रविवार. सह्याद्रीच्या कुशीत डिसेंबरात सूर्य लवकर डोंगराआड जातो. धरणामागे कोट्यवधी टन पाणी शांत उभं आहे. बघणाऱ्याला वाटेल, या वजनानेच जमीन दबून फुटत असेल. पण नऊ-दहा किलोमीटर खोल खडकावर आधीपासून जो दाब असतो, त्यापुढे शंभर मीटर पाण्याचं ओझं किरकोळ आहे. खरी करामत पाण्याच्या झिरपण्याची.

आपल्याकडे भाताच्या पोत्यांची थप्पी लागते तिची आठवण करा. सर्वांत खालचं पोतं ओढायला गेलात तर हलत नाही, कारण वरच्या पोत्यांनी ते दाबून धरलेलं असतं. आता कुणी बाजूने पहार घालून थप्पी नुसती बोटभर उचलली, तर तेच पोतं सरकतं. जमिनीखालच्या भेगांमध्ये शिरलेलं पाणी ही पहार आहे. ते खडकाच्या दोन बाजूंना आतून रेटतं आणि ज्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, तो दाब कमी करतं. सरकायला टेकलेला खडक मग सरकतो. ओढणारा हात पाण्याचा नसतो, तो पृथ्वीच्या पोटातला ताण असतो. पाणी त्याची वेळ अलीकडे आणतं.

हे असं घडतं याचा पुरावा त्याच दशकात अमेरिकेत मिळाला होता. डेन्व्हर शहराजवळ १९६२ पासून एका खोल विहिरीत सांडपाणी दाबाने सोडलं जात होतं आणि शहराला भूकंपाचे धक्के बसू लागले होते. मोठ्या धरणांच्या तलावांनीही इशारे दिले होते. चीनमध्ये सिनफेंगकियांग १९६२, आफ्रिकेत करीबा १९६३, ग्रीसमध्ये क्रेमास्ता १९६६. तिन्ही ठिकाणी सहाच्या वरचे धक्के. चौथं नाव अजून जोडायचं होतं.

रात्री १०

गावं जेवून निजली आहेत. खाली भेगेच्या दोन बाजू एकमेकींत अडकून बसल्या आहेत. बांबूची कामटी दोन्ही टोकांना धरून वाकवत जा. ती वाकते, वाकते, हाताला तिचा जोर जाणवतो आणि एका क्षणी कडकन मोडून सुटते. खडकही असाच वाकतो, फक्त हजारो वर्षं घेतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपानंतर तिथल्या कुंपणांच्या आणि रस्त्यांच्या सरकलेल्या रेषा मोजून हॅरी रीड या शास्त्रज्ञाने हे सूत्र मांडलं. आजही भूकंपशास्त्राचा पाया तोच आहे.

कामटी किती वाकली आहे हे हाताला कळतं. कोयनेखालची कामटी किती वाकली आहे हे त्या रात्री मोजायचं कोणतंही साधन कुणाजवळ नव्हतं.

मध्यरात्र

यंत्रांच्या खोल्यांमध्ये कागद गुंडाळलेले ढोल सावकाश फिरत आहेत. भूकंपमापकाची युक्ती साधी आहे. बैलगाडीला एकदम हिसका बसला की गाडी पुढे जाते आणि आत बसलेला माणूस मागे राहतो. यंत्रात एक जड गोळा असा टांगलेला असतो की जमीन हलली तरी तो जागीच राहू पाहतो. जमीन आणि गोळा यांच्यात जो फरक पडतो, तोच कागदावर रेघ होऊन उतरतो.

धक्का कुठे झाला हे एका यंत्राला सांगता येत नाही, तीन लागतात. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, त्यावरून ढग किती लांब याचा अंदाज आपण बांधतो. जमिनीतही दोन लाटा निघतात. पहिली खडकाला पुढे-मागे दाबत वेगाने येते, दुसरी आडवी हलवत मागून येते. दोघींमधलं अंतर सेकंदांत मोजायचं आणि ढोबळ हिशेबाला आठाने गुणायचं, की केंद्र किती किलोमीटरवर ते मिळतं. तीन ठिकाणांहून तीन वर्तुळं काढायची. ती जिथे छेदतात, तिथे भूकंपाचा केंद्रबिंदू. मुरबाडच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांना कंपास आणि नकाशा दिला तर तासाभरात जमेल, इतकं ते सरळ आहे. मुलांकडून ते करवून घ्यावं, असं मला फार वाटतं.

पहाटे २

चंद्र मावळला आहे. आज आपल्याला माहीत आहे की दोन तास एकवीस मिनिटं उरली आहेत. त्या रात्री हे कुणालाच माहीत नव्हतं आणि हीच यंत्रं दहापट बारीक असती तरी माहीत झालं नसतं.

याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. मोठ्या धक्क्याआधी कधी कधी लहान धक्के बसतात, हे खरं. पण लहान धक्के बसले की मोठा बसतोच, हे खरं नाही. लातूरकडच्या किल्लारीला १९९२ च्या ऑक्टोबरात हादरे बसू लागले, गावकरी धास्तावले, महिन्यांनी हादरे कमी झाले, लोक पुन्हा घरात झोपू लागले. मग १९९३ मध्ये गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ३० सप्टेंबरची पहाट उजाडायच्या आत, ३ वाजून ५६ मिनिटांनी, हजारो माणसं गेली. भातसाला १९८३ मध्ये हादरे बसले, वाढले, सप्टेंबरात शिगेला गेले आणि पुढे विरत गेले. दोन्हीकडची सुरुवात सारखी होती. त्या रांगेतला कुठला धक्का पूर्वसूचना होता, हे मोठा होऊन गेल्यावरच म्हणता येतं.

चीनने १९७५ च्या फेब्रुवारीत हायचेंग शहर आधी रिकामं केलं आणि खरोखर भूकंप आला. जगाला वाटलं, गुपित सापडलं. पुढच्याच वर्षी २८ जुलैला तांगशान झोपेत असताना कोसळलं आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं मेली. तिथे कोणताही इशारा देता आला नव्हता. म्हणून भूकंपाची तारीख आणि वेळ सांगणारा कुणी भेटला, मोबाइलवर कुणाचा तसा संदेश आला, तर तो पुढे पाठवू नका. पालघरच्या डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हाही अफवांनी माणसांची झोप उडवली होती. तिथल्या लोकांनी थंडीत उघड्यावर काढलेल्या रात्री खऱ्या होत्या. अफवांनी त्यांच्या त्रासात भर घातली.

पहाटे ४

आता घराकडे वळू या, कारण भूकंप स्वतः सहसा माणूस मारत नाही. घर मारतं.

कोयनेच्या खोऱ्यातली बरीच घरं दगडमातीची होती. ओबडधोबड दगड एकमेकांवर रचायचे, मध्ये मातीचा गारा भरायचा. भिंत जाड, थंडी-पावसाला उत्तम. पण तिच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नसते. हादरा बसला की दोन्ही बाजू फुगतात, सुटतात आणि वरचं छप्पर खाली येतं. किल्लारीला याहून वाईट झालं, कारण तिथे दगडमातीच्या भिंतींवर मातीचं जड माळवद होतं. छपरावर जितकी माती, तितकं ओझं माणसाच्या छातीवर.

आता आपल्या टोकावड्याकडच्या किंवा डोळखांबकडच्या एखाद्या जुन्या ठाकराच्या, कातकऱ्याच्या घरात जाऊन पाहा. जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी. त्यांच्यावर आढं, आढ्यापासून खाली उतरणारे वासे, सगळं खाचेत बसवून वेलीने किंवा दोरीने आवळलेलं. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेला. त्यावर हात ठेवून जरा रेटलं तर तो किंचित वाकतो आणि हात काढला की जागेवर येतो. हे वाकणंच त्याचं बळ आहे. धक्का बसला तर लिंपण गळेल, चार कौलं निसटतील, पण कूड कोसळून माणूस गाडला जाणार नाही. भूकंपात इमारतीने वाकावं पण तुटू नये, ही गोष्ट अभियंते पुस्तकांतून शिकवतात. ती आपल्या आजीच्या घरात उभी होती. आम्ही ती 'कच्चं घर' म्हणून मोडली आणि त्या जागी साडेचार इंची विटेची भिंत उभी केली. मला याचं खरोखर वाईट वाटतं. पक्क्या घराची इच्छा चुकीची नव्हती. पण कच्च्या घरातलं जे शहाणपण होतं, ते नव्या घरात घ्यायला आम्हाला कुणी सांगितलं नाही.

डिसेंबरची ती पहाट थंड आहे. अंगणात कुणी नाही. सगळे आत, घोंगडीखाली.

४ वाजून २० मिनिटे

कोयना धरणाच्या पोटात, पायाजवळच्या गॅलरीत, एक यंत्र बसवलेलं आहे. याला एरवी काम नसतं. भूकंपमापकाचा ढोल सतत फिरतो, हे यंत्र मात्र निजून असतं. जोराचा हादरा बसला की आतला खटका पडतो, दिवा लागतो आणि फोटोचा कागद धावू लागतो. त्यावर जमिनीच्या हिसक्याचा जोर नोंदला जातो. केंद्राच्या इतक्या जवळ, इतक्या मोठ्या भूकंपात, असं यंत्र जगात क्वचितच कुठे चालू स्थितीत सापडलं असेल.

४ वाजून २१ मिनिटे

सोमवार, ११ डिसेंबर १९६७. भेग सुटली.

भूकंपाची तीव्रता ६.३ मोजली गेली. जोराची थरथर जेमतेम दहा सेकंदांची. तेवढ्यात कोयनानगर जमीनदोस्त झालं. दोनशेच्या आसपास माणसं गेली, दीड हजार जखमी झाली, हजारो बेघर. माणसाने अडवलेल्या पाण्याने चाळवलेला हा जगातला सर्वांत मोठा भूकंप मानला जातो.

गॅलरीतलं यंत्र जागं झालं होतं. कागद धुवून पाहिला, तेव्हा त्यावर धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट हिसका उमटलेला होता. धरण बांधताना भूकंपासाठी धरलेला आकडा होता ०.०५. भिंतीला आडवे तडे गेले, ते जिथे तिचा उतार बदलतो त्या उंचीवर. पण भिंत उभी राहिली. मागे तलाव भरलेला होता आणि खाली नदीकाठी गावं होती, पुढे कराड होतं. ती राहिली नसती तर काय झालं असतं, हे लिहायला माझा हात धजत नाही.

पुढचं दीड मिनिट

लाटा खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावतात, मागची आडवी लाट साडेतीनच्या सुमाराने. पुण्याला सव्वाशे किलोमीटरवर ती पाऊण मिनिटाच्या आत पोचली. शहापूर कोयनेपासून सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटर. हिशेब केला तर आपल्याकडे पहिली लाट चाळीसेक सेकंदांत आली आणि हलवणारी लाट आणखी अर्ध्या मिनिटाने. झोपलेल्या माणसाची कूस बदलून होते, तेवढा वेळ.

हलवणारी लाट पोचेपर्यंतच्या या वेळावरच आज जपान आणि मेक्सिको लोकांना सावध करतात. भूकंप सुरू झाला की केंद्राजवळची यंत्रं तो ओळखतात आणि संदेश लाटेच्या पुढे धावतो. रेल्वे थांबते, मुलं बाकाखाली शिरतात. हे भाकीत नव्हे, ही घडून गेलेल्या गोष्टीची लवकर पोचलेली बातमी आहे. केंद्राच्या अगदी जवळच्या गावाला मात्र तिचा उपयोग नाही, तिथे लाट संदेशाच्या आधी पोचते.

पहाट ते उजाडेपर्यंत

कोयनेच्या पाण्यावर चालणारं पोफळीचं भूमिगत वीजगृह बंद पडलं आणि मुंबई अंधारात गेली. गिरण्या, कारखाने थांबले. मुंबईच्या माणसाला आपली वीज कुठल्या डोंगरातून येते, हे त्या पहाटे कळलं. तसंच मुंबईच्या नळाला येणारं पाणी आमच्या भातसा, तानसा, वैतरणेतून जातं. आमचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तरी ते पाणी जातं. म्हणून भातसाच्या भिंतीची काळजी एकट्या शहापूरची नाही.

पुढची वर्षं

कोयनेने भारताच्या भूकंपशास्त्राला नवं वळण दिलं. तलावाची पातळी कमी केली, तडे भरले, भिंतीला मागून टेकू देऊन ती भक्कम केली. १९७० मध्ये देशाची भूकंपविषयक मानकं सुधारली आणि कोयनेचा परिसर अधिक धोक्याच्या पट्ट्यात घेतला गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी धरणं आणि भूकंप यांच्या नात्यावर आयुष्यभर काम केलं. १९७६ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. पाणी किती वेगाने चढलं, किती उंच गेलं आणि किती दिवस वर राहिलं, या तीन गोष्टींवर नजर ठेवायला त्यांनी शिकवलं.

कोयना आजही हलते. पाचच्या वरचे वीसहून अधिक धक्के तिथे १९६७ नंतर नोंदले गेले. धक्के एका लहानशा पट्ट्यात आणि कमी खोलीवर होतात, म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे थेट भूकंपाच्या घरात शिरायचं ठरवलं. आधी बेसाल्ट किती जाड आहे ते पाहिलं. रासाटीजवळ ९३३ मीटरवर तो संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा थर नाही. मग गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर घेतलं. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी आहे. डोंगराच्या पोटात तीन किलोमीटर शिरणं म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट खोल जाणं. तिथून तापमान, खडकाचा ताण, पाण्याचा दाब थेट मोजता येतो. १० डिसेंबरच्या रात्री दहा वाजता जे साधन नव्हतं, ते हे.

१९८३, पुन्हा भातसा

आता आमच्या डब्याकडे परत येतो. भातसाची भिंत ८८.५ मीटर उंच. पाणी साठायला १९७७ मध्ये सुरुवात झाली आणि धक्के सहा वर्षांनी, १९८३ च्या मे महिन्यात सुरू झाले. त्या पावसाळ्यात तलाव चढत गेला तसे ते वाढले. रस्तोगी, चड्ढा आणि राजू यांनी या मालिकेचा अभ्यास करून १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. भातसाचं नाव तेव्हापासून जगातल्या धरण-भूकंपांच्या यादीत आहे. आमच्या तालुक्यातल्या किती शाळांमधल्या मुलांना हे माहीत आहे, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आकड्यांत फसू नये म्हणून सांगतो. ४.९ आणि ६.३ यांत फरक १.४ चा दिसतो. पण या मापात एक अंक चढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे कोयनेच्या धक्क्यात आमच्या मोठ्या धक्क्याच्या सव्वाशे पट ऊर्जा होती. भातसाने आम्हाला कोयना दाखवली नाही. फक्त खालच्या खडकात भेगा आहेत आणि त्या सरकू शकतात, एवढं कळवलं.

आज

देशाच्या २००२ च्या नकाशात ठाणे जिल्हा झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात आहे. याचा अर्थ उद्या काही होईल असा नाही. इथे घर बांधताना हादरा गृहीत धरलाच पाहिजे, असा आहे. आसनगाव, वासिंद, सरळगाव, मुरबाडच्या बाजूला शेतांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहात आहेत. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर भिंतींनी भरलेले मजले. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती पायातून मोडून बसल्या. वरचा भाग ताठ आणि खालचा पोकळ असला की सगळा हिसका त्या खांबांवर येतो.

कोयनेची उलटी मोजणी घड्याळात कुणाला दिसली नसती. ती भिंतींमध्ये मात्र दिसत होती, पाच वर्षं आधीपासून. म्हणून शहापूर आणि मुरबाडमध्ये या दिवाळीनंतर घर काढणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. मिस्त्री आणि सेंट्रिंगवाला कामावर असताना स्वतः जाऊन उभे राहा. कॉलमच्या रिंगांची टोकं काटकोनात सोडून देऊ नका, ती १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळवून घ्या आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना रिंगा जवळजवळ बांधा. विटेची भिंत असेल तर दारं-खिडक्यांच्या वरचा लिंटलचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवा, कुठेही तोडू नका. दगडाची असेल तर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घाला आणि बांधकाम मातीत करू नका. ज्या शाळेत तुमचं मूल दिवसाचे सहा तास बसतं, तिच्या भिंती आणि छप्पर अभियंत्याकडून तपासून घेण्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडा. आणि धक्का जाणवला तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा, ती तहसील कार्यालयात कळवा.